राखून ठेवलेली बारी

आदिनाथला एका जागी स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलं असेल, तर त्याने पुढे येऊन सांगावं. जेवताना हा पाण्यासाठी उठतो, मग मिठासाठी उठतो, मग काहीच नको असताना उठतो आणि पुणे रस्त्यावरचे ट्रक बघून परत ताटावर येतो. एसटीत बसला तर केडगाव यायच्या कितीतरी आधी दाराशी जाऊन उभा. चहा पुरता उकळू देत नाही, आणि मग चहा पांचट झाला म्हणून कुरकुरतो. एमआयडीसीत एका पंपाच्या कारखान्यात तो तपासणीला आहे. तिथे फिरून फिरूनच काम करायचं असतं, म्हणून नोकरी टिकली. आणि असा हा माणूस रविवारी दुपारभर मांडी ठोकून बसतो आणि दुसऱ्यांना दरडावतो, "थांब. तुझी बारी नाही."

केडगावातल्या त्याच्या भाड्याच्या खोलीत दर रविवारी एक खेळ चालतो. घरमालकीण रतनबाई सुरुवातीला त्याला पत्त्यांचा अड्डाच समजल्या होत्या. एकदा काहीतरी निमित्त काढून त्या वर आल्या. बघतात तर जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चौकोन आखलेले, चौकोनांत चिंचोके ठेवलेले, मधोमध कुकरची शिट्टी, आणि तीन शिकलेली माणसं त्या शिट्टीकडे जीव मुठीत धरून बघतायत. बाई काही न बोलता खाली गेल्या. तेव्हापासून त्या आदिनाथशी जरा जपून बोलतात.

खेळ तसा सोपा आहे. एकाने, म्हणजे इथे आदिनाथने, गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं. गोष्ट चालवणारा म्हणतो, समोर भुयार आहे. बाकीचे म्हणतात, आम्ही आत शिरतो. आत काय भेटतं ते त्याला ठाऊक, आणि निभावतं की नाही ते फासे सांगतात. कुकरची शिट्टी म्हणजे त्या दिवशीचा राक्षस आणि चिंचोके म्हणजे आपण. गप्पागोष्टींत सगळं छान चालतं. घोटाळा होतो तो लढाईत. कारण लढाईत प्रत्येकाला एकदमच सगळं करायचं असतं. मी मारतो, मी पळतो, मी दार लावते, असा एकच गलका. म्हणून मग बाऱ्या लावायच्या. ज्याची बारी त्याने एक काम करायचं, बाकीच्यांनी तोंड मिटून बसायचं.

कुणाचं काय आधी घडलं हे ठरवण्यात आदिनाथचा हात धरणारा कुणी नाही. बाण आधी लागला की माणूस आधी दाराआड गेला? मेलेल्याचा शेवटचा वार धरायचा की सोडायचा? संगमनेरची, पुण्याची पोरं त्याला मोबाईलवर असले प्रश्न पाठवतात आणि हा जेवता जेवता उठून उत्तरं देतो. खेळातला त्याचा सोबती समर्थ तर त्याला पाटकरीच म्हणतो. ते खोटंही नाही. आदिनाथचे वडील, राधाकृष्ण अण्णा, कर्जत तालुक्यात कालव्यावर पाटकरी होते. पाटाचं पाणी आलं की कुणाच्या वावरात कधी सोडायचं आणि कधी मोडून बंद करायचं हे त्यांच्या हाती. पाण्याच्या बारीवरून सख्खे भाऊ कुऱ्हाडी घेऊन निघालेले त्यांनी पाहिले होते, आणि त्या दोघांच्या मधे पाण्याच्या चारीवर उकिडवं बसून बिडीही ओढली होती. थोरला मुलगा त्यांच्याबरोबर बांधाबांधाने हिंडत मोठा झाला. बारी म्हणजे काय हे त्याला कुठल्या पुस्तकाने शिकवायची गरजच पडली नाही.

आणि तिथेच चुकलं.

त्या खेळात एक सोय आहे. आपली बारी आली की लगेच काही न करता ती राखून ठेवता येते. मात्र अट बोलून दाखवावी लागते. राक्षसाने तोंड उघडलं की मी भाला मारीन. दार वाजलं की मी दिवा विझवीन. अट सगळ्यांना दिसेल अशी हवी, मनातली चालत नाही. अट घडली की आपली चाल. पण अट घडलीच नाही, आणि फिरून आपलीच बारी आली, तर राखलेलीचं काय? आदिनाथच्या लेखी हा प्रश्नच नव्हता. त्यांच्या गावात कुणाच्या घरी मयत झालं, कुणाकडे लग्न निघालं, की तो पाटकऱ्याला सांगायचा, अण्णा, माझी बारी राहू द्या. अण्णा नुसती मान हलवायचे. पुढच्या पाण्याला त्याची जुनी बारी आधी, मग नवी. शब्दावर राहिलेली बारी अण्णांच्या कारकिर्दीत कुणाची बुडाली नाही. मग खेळातली तरी का बुडावी? ती जमा राहणार. समर्थ श्रीगोंद्याचा, त्याच्या घरीही कालव्याचा ऊस. त्याने कधी शंका काढली नाही. खेळाच्या इंग्रजी पुस्तकात त्या सोयीखाली आणखी एक ओळ होती, ती वाचायची दोघांनाही गरज वाटली नाही. माहीत असलेल्या गोष्टीचं पुढचं कोण वाचतो?

आता प्रज्ञाबद्दल सांगायला हवं. ती स्टेशन रोडवरच्या एका लॅबमध्ये रक्त तपासते. समर्थच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात तिची या खेळाशी ओळख झाली. खेळात ती तांबडी नावाची तिरंदाज झाली आणि पहिल्याच रविवारी आदिनाथशी वाद घालून जिंकली. दोन वर्षांपूर्वी तिघं अकोले तालुक्यात भंडारदऱ्याला गेले होते. समर्थ भजी आणायला गेला असताना आदिनाथ तिला म्हणाला की मला तुझ्याशीच लग्न करायचंय. ती हो म्हणाली. पण पुढचं दोघांनाही माहीत होतं. तो मराठ्याचा, ती बौद्ध. तिच्या घरी कुरबुर झाली असती, त्याच्या घरी वादळ. तेव्हा आदिनाथ म्हणाला, "निकिताचं लग्न होऊ दे. त्याआधी बोललो तर तिची स्थळं अडतील. तिचं झालं की त्याच आठवड्यात घरी बोलतो."

अट स्पष्ट होती, सगळ्यांना दिसेल अशी.

निकिता, म्हणजे त्याची धाकटी बहीण, गेल्या हिवाळ्यात लग्न होऊन सासरी गेली. प्रज्ञा त्या लग्नाला मैत्रीण म्हणून आली, पंगतीत जिलेबी वाढून गेली. तो आठवडा गेला. मग अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं, ते होऊ दे म्हणाला. तेही झालं. मग आईचे गुडघे. मग कांदा काढणी. दर वेळी आदिनाथला मनापासून वाटायचं की आपण काही टाळत नाही, बोलायचं आहेच, ते कुठे पळून चाललंय? शनिवारी मोटारसायकल काढून तो कर्जतची वाट धरायचा, रस्ताभर वाक्यं जुळवायचा, आणि रविवारी सकाळी जुळवलेली वाक्यं जशीच्या तशी घेऊन परत यायचा. अंगातला सगळा उतावळेपणा एवढ्या एका बाबतीत कुठे जायचा कुणास ठाऊक! हा माणूस उकळत्या चहाला दम धरू देत नाही, आणि प्रज्ञाला मात्र दोन वर्षं थांब म्हणत होता.

शुक्रवारी प्रज्ञाचा फोन आला. नाशिकचं स्थळ आहे. मुलगा इंजिनियर. बघून गेले, पसंती कळवलीय. "बाबा म्हणाले, रविवारी संध्याकाळपर्यंत सांग. मी काय सांगू?" तिचे वडील भीमराज बँकेत शिपाई होते. शांत माणूस, मुलीवर जबरदस्ती करणारा नाही. म्हणूनच त्यांना ताटकळत ठेवणं तिच्या जिवावर येत होतं. आदिनाथ म्हणाला, "रविवारी येतेस ना? बोलू." फोन ठेवल्यावर तो कारखान्याच्या आवारात इतक्या फेऱ्या मारत राहिला की वॉचमनने विचारलं, साहेब, काही हरवलंय का?

रविवारी प्रज्ञा वेळेवर आली. समर्थ नेहमीप्रमाणे भेळ घेऊन आला. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं, बिचाऱ्याला. त्यामुळे बोलणं झालं नाही, खेळच सुरू झाला. संध्याकाळ किती लांब आहे हे बघायला आदिनाथ दोनदा गॅलरीत जाऊन आला.

भुयारात त्या दिवशी एक अजस्र घोणस होती. तांबडी जखमी होऊन तिच्यापुढेच पडलेली. समर्थचा भालाईत दाराशी. आदल्या फेरीत समर्थने बारी राखली होती, घोणशीने तोंड उघडलं की भाला. पण तिने तोंड उघडलं नाही, नुसतं वेटोळं आवळलं. आता फिरून समर्थची बारी आली.

"माझी जुनी हाय जमा," समर्थ भेळेचा कागद पुढ्यात ओढत म्हणाला. "ती तोंड उघडंल तवा भाला. आन ह्या नव्या बारीत मी प्रज्ञाला मागं ओढतो. खलास. वाचली पोरगी."

"जुनी नाही तुझी," प्रज्ञा म्हणाली.

"ऑं?"

"नवी बारी सुरू झाली की राखलेली संपते. पुस्तकात आहे तसं. मोबाईलवर काढलंय मी, वाचून दाखवू?" आणि तिने वाचून दाखवलं. इंग्रजीतली साधी ओळ होती. तुमची पुढची बारी सुरू होईपर्यंत अट घडली नाही, तर राखलेली चाल जाते.

"अगं, काय राव तू? माझी राखलेली गेली तर तुलाच गिळंल ना ती! तूच मरशील!"

"मरू दे. पण नियम नियम आहे."

"इतके दिवस जमा धरतोय की आपण. पाण्याची बारी जमा राहते, तशी."

"तुमची राहत असेल," प्रज्ञा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण गाल तापले होते. "माझा आजा रंभाजी जन्मभर लोकांच्या वावरात पाण्याची दारं धरायचा, समर्थ. बारी त्यांची, पाणी त्यांचं, चिखलात पाय याचे. स्वतःचं वावरच नाही, तर बारी कसली आणि जमा कसली? आमच्या घरात कुणालाच असं वाटत नाही की आपलं काही राखून ठेवलं तर ते तसंच राहतं. तुम्हाला वाटतं, म्हणून तुम्ही ती ओळ वाचली नाही." आणि मग आदिनाथकडे वळून, "निकाल तू द्यायचाय. सांग. राहते की जाते?"

आदिनाथ उठला. माठातलं पाणी प्यायला. परत येऊन बसला आणि पुन्हा उठला. समर्थला वाटलं, हा नियमाचा विचार करतोय. आदिनाथला तर ती ओळ ऐकताक्षणी भंडारदरा आठवला होता. राहते म्हणावं, सगळे सुटतात. समर्थ खूश, तांबडी जिवंत, पुढच्या रविवारी खेळ पुढे चालू. शिवाय आपलंही सुटतं. निकिताचं लग्न, मोतीबिंदू, गुडघे, कांदा, सगळं जमा, काही बुडालेलं नाही. जाते म्हणावं, तर मग गेल्या हिवाळ्यापासून आपण हिला काय सांगत आलो? आपल्या हातात काहीच नव्हतं, आणि मूठ मात्र आवळलेली. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की क्षणभर त्या दोघांना हाकलून द्यावं, कॅलेंडर गुंडाळावं आणि मोटारसायकल काढून कुठेतरी निघून जावं असं वाटलं.

पण बारी संपताच अण्णांनी सख्ख्या चुलत्याचंही पाणी मोडलेलं त्याने लहानपणी पाहिलं होतं.

"जाते," तो म्हणाला. "राखलेली गेली. नवी बारी आहे, त्यात एकच काय ते कर."

"अरे, पण..."

"एकच, समर्थ."

समर्थने कपाळाला हात लावला. ओढायचं की मारायचं यात त्याने मारायचं ठरवलं आणि फासा टाकला. आकडा इतका लहान पडला की कुणी मोठ्याने वाचलाही नाही. घोणशीने तोंड उघडलं. प्रज्ञाने स्वतःच्या हाताने आपला चिंचोका उचलला आणि बाजूला ठेवला. मग ती पर्सचा पट्टा चाचपू लागली.

आदिनाथने मोबाईल काढला. मनात एकही वाक्य जुळवलेलं नव्हतं. त्याने अण्णांना फोन लावला आणि आवाज मोठा करून मोबाईल चौकोनांवर, शिट्टीच्या शेजारी ठेवला.

"बोल," अण्णा म्हणाले. मागे शेळ्या ओरडत होत्या.

"अण्णा, मला लग्न करायचंय. प्रज्ञाशी. निकिताच्या लग्नात आली होती ती. ते लोक बौद्ध आहेत. मी दोन वर्षं बोलायचं म्हणतोय, आज बोलतो."

समर्थच्या हातातला भेळेचा घास तसाच राहिला. "तुमी दोघं?" तो कुजबुजला. "आन मी इथं दर रविवारी भेळ आनतोय?"

पलीकडे अण्णा खाकरले.

"ठाऊक हाय मला. लग्नातच तुजी आई म्हनली, पोराची नजर कुठं हाय ते बघा. म्या बगितली. न्हाईच म्हननार हुतो. काय काय बोलायचं ते समदं मनात जुळवून ठिवलं हुतं. भावकी काय म्हनंल, तेबी. आज बोलंल, उद्या बोलंल म्हनून बसलो. तू यायचा, जेवायचा, चारदा ताटावरनं उठायचा, आन मुकाट निगून जायचा. आता राग तरी किती दिस धरून बसायचा मानसानं? निवला तो. तुजी आई रडंल, ते मी बगतो. तिच्या वडलांना कवा भेटायचं तेवडं सांग." आणि मग, जरा वैतागून, "लई येळ लावला लेका." फोन बंद झाला.

आदिनाथच्या चेहऱ्यावर हसू फुटत होतं, डोळे भरून आले होते, आणि काय करावं ते न कळून तो उभाच राहिला. त्याने प्रज्ञाकडे पाहिलं. ती हसत नव्हती.

"एवढंच होतं?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"एवढंच होतं, आदिनाथ? समर्थचा घास तोंडात जायच्या आत संपलं. ह्यासाठी मी निकिताच्या लग्नात परक्यासारखी जिलेबी वाढली? ह्यासाठी बाबांशी खोटं बोलत राहिले, मला आत्ता लग्न करायचं नाही म्हणून?" आता मात्र तिला रडू आलं, आणि रडू आल्याचाही राग आला. तिने ओढणीने डोळे खसकन पुसले. "नाशिकला मी सकाळीच नकार कळवलाय. तुझ्यासाठी नाही. तो मुलगा माझ्या आईशी बोलताना मोबाईलमध्ये बघत होता म्हणून. आणि तुलाही आज नाही म्हणूनच जाणार होते. आज तांबडीला मरू द्यायचं आणि उठायचं, असं ठरवून आले होते."

समर्थ भेळेकडे बघत बसला. उठून जावं तर दार प्रज्ञाच्या मागे होतं.

"मग आता?" आदिनाथने विचारलं.

"आता मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. आनंद व्हायला हवा, तो होत नाहीये. अण्णांचा राग निवला म्हणे. माझा आत्ता कुठे पेटलाय." तिने चपला घातल्या. "आता तू थांब."

"थांबतो. पण कधीपर्यंत? म्हणजे, काय झालं की सांगशील?" आणि मग, दुसरं काही सुचेना म्हणून, तो अगदी कळवळून म्हणाला, "अट सांगावी लागते गं. दिसेल अशी."

प्रज्ञाने त्याच्याकडे नीट पाहिलं.

"ते मी सांगणार नाही," ती म्हणाली आणि जिना उतरली.

आदिनाथ गॅलरीत धावला. खाली तिने स्कूटर वळवली, आरसा सरळ केला, तोंडाला ओढणी बांधली, एकदा मोबाईल काढून पाहिला आणि परत ठेवला. यातल्या कशाची वाट बघायची हे त्याला कुणीच सांगितलेलं नव्हतं, म्हणून तो सगळंच बघत राहिला.